मोठा ठोका

लालसूला मुरमाटोल्यात दोनच कारणांनी कोणी शोधायचं. लग्न निघालं की, नाहीतर माणूस गेलं की. लग्नात तो नसला तरी अडायचं नाही, वाजवणारे आणखी चौघे होते गावात. पण माणूस गेलं की लालसूच लागायचा. मग तो शेतात असो, मोहाखाली असो, नाहीतर आलापल्लीच्या बाजाराच्या अर्ध्या वाटेवर असो.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, आढ्याला टांगलेला एक ढोल होता. बिजाच्या लाकडाचा, उचलायला दोन गडी लागायचे. त्याच्यावर मरणाचा ठोका वाजवायचा हक्क लालसूच्या घरात आज्यापासून आलेला. त्या ठोक्याला मरणाचा कोणी म्हणत नसे. मोठा ठोका म्हणायचे. एक भारी ठोका, मग थांबणं, इतकं लांब की ऐकणाऱ्याला वाटावं संपलं. आणि मग एकामागून एक दोन. तो वाजला की मुरमाटोला, बेहडाटोला आणि नदीपलीकडचा मोहटोला, सगळीकडे हातातलं काम खाली पडायचं. कोणी लाकडं घेऊन निघायचं, कोणी पसाभर तांदूळ. पहिला बाहेरगावचा माणूस अंगणात पाय ठेवेस्तोवर लालसूनं हात थांबवायचा नाही, हा नियम.

आणि दुसरा नियम असा, की मरण तोंडानं कळवायचं नाही. तोंडानं सांगत गेलं की ते मरण सांगणाऱ्याच्या पाठोपाठ त्या घरात शिरतं. हसू नका. तुमच्याकडे तार आली की बाया वाचायच्या आधीच रडत होत्या ना, मग यांचं काय वेगळं? ढोलानं सांगितलं की ते कोणा एकाच्या दारात जात नाही, सगळ्यांत वाटलं जातं. मला तर यात शहाणपणच दिसतं.

लालसूची माय धुरपता मोहटोल्याची. बाई गेली की तिच्या भावानं माहेरचं लुगडं आणून अंगावर घालायचं, तेव्हाच तिला उचलायची. ते नाही पडलं, तर बाई जणू कोणाचीच नव्हती अशी जाते. धुरपताला एकच भाऊ, मुखरू, तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. सत्तरीच्या पुढं गेलेली ही म्हातारी मोहफुलं निवडता निवडता लेकाला सांगायची, "माह्या वेळी जोरात वाजवजो बाप्पा. मुखरूचे कान आता पयल्यासारखे नाई राह्यले."

"मुखरूमामाच काय, आलापल्लीचा साहेब उठून येईन असा वाजवतो," लालसू म्हणायचा. म्हातारी बोळकं पसरून हसायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर मुंबईहून श्रीरंग नावाचा माणूस जीप घेऊन आला. टीव्हीवर एक नवी मालिका येणार होती, आकाशयानांची, दुसऱ्या ग्रहावरून फौज उतरते अशी. तिच्या संगीतकाराचा हा मदतनीस. ढोल शोधत फिरत होता. स्वभावानं सरळ, पायातले बूट काढून गोटुलात बसला, आंबील दिली तर प्याला. त्याच्याबद्दल वाईट बोलायला लालसूकडे तेव्हाही काही नव्हतं, नंतरही नाही.

त्यानं एक कॅसेट लावली. जपानचे ढोल होते, ताइको म्हणतात त्यांना. परदेशात आता आकाशातल्या लढाया दाखवताना सारंग्या-बासऱ्या नाही वाजवत, हे ढोल वाजवतात, असं तो म्हणाला. आमच्या कीबोर्डमध्ये ताइकोचं बटण आहे, पण दाबलं की प्लास्टिकचा पिंप बडवल्यासारखं वाटतं. जपानी माणसं आणायची ऐपत नाही. तेव्हा आपल्याकडचा एखादा ढोल असेल तर पाहू.

लालसू कॅसेटच्या यंत्राला कान लावून बसला. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. "कातडं जाड हाय. लगित म्हंजे फारच ताणलं हाय," तो म्हणाला. "चार जण हायेत. एक डावरा हाय." आणि मग त्यानं विचारलं, "कोन मेलं जी यांचं?"

"कोणी नाही. मंचावर वाजवतात ते."

"नाई जी. हे कोनी उगाच नाई वाजवत. मधी थांबून राह्यले ते पाह्य."

श्रीरंगला त्यातलं काय कळलं देव जाणे. तो म्हणाला, "लालसूभाऊ, आकाशात खरं तर आवाज नसतोच. हवाच नाही तिथं."

"मंग ढोल कायले?"

"पाहणाऱ्यांच्या पोटात गोळा यायला पाहिजे ना. एवढी मोठी फौज येतेय."

लालसूनं लग्नाचा ठेका वाजवला, सणाचा वाजवला, शिकारीचा वाजवला. श्रीरंग मान हलवायचा, छान म्हणायचा, आणि पुढं म्हणायचा, "पण भीती वाटत नाही." हे तीन-चार वेळा झालं आणि लालसूला झोंबलं. चाळीस वर्षं वाजवत आलेला माणूस, आणि समोरचा त्या जपानी डब्याकडे पाहून उसासे टाकतोय! भीती कशी असते हे आपल्याला नाही तर कोणाला माहीत, असं त्याला झालं. अंगात आलंच म्हणा ना.

मोठा ठोका उगाच वाजवायचा नसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस मोह पडला की कशी वकिली करतो पाहा. उगाच वाजवायचा नाही तो का? लोक ऐकतात, धावत येतात म्हणून. मग कोणी ऐकलाच नाही तर? जो ठोका कोणाच्या कानात गेला नाही, तो वाजला तरी न वाजल्यासारखाच. यंत्राला कुठं माहेर आहे? त्यानं श्रीरंगला सांगितलं, शाळेच्या खोलीत वाजवतो, पण आवाज बाहेर गेला नाही पाहिजे. श्रीरंगला तर तेच हवं होतं. आलापल्लीच्या विश्रामगृहातून गाद्या आणल्या, खिडक्या-दारं बुजवली. लालसूनं आपल्या बायकोला, बुधरीला, बाहेर विहिरीजवळ उभं केलं.

अर्धा तास त्यानं आत वाजवला. घामानं न्हाला. शेवटच्या ठोक्यानंतर श्रीरंग यंत्र बंद करायचंच विसरला, आणि ते पाहून लालसूचं मन भरलं. बाहेर येऊन त्यानं पहिलं बुधरीला विचारलं, "काय ऐकू आलं?"

"भिताडात घूस उकरते ना, तेवढंच," बुधरी म्हणाली.

झालं तर मग. लालसू निवांत झाला. श्रीरंगनं ठरल्यापेक्षा जास्तच हातावर ठेवलं, सगळ्यांचा फोटो काढला आणि गेला.

फाल्गुन लागला. मोह पडू लागले. मुरमाटोल्यात तेव्हा टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्या प्रफुलचा. प्रफुल मूळचा चिमूरकडचा, माणूस हौशी. लग्नाकार्यात भाड्यानं द्यायला त्यानं भोंगा घेतला होता. दुकानात सगळे मावत नाहीत, मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून रविवारी तो भोंगा टीव्हीला जोडायचा आणि छपरावर चढवायचा. तोंड नदीकडे, कारण तिकडून वारा येत नाही. यात त्याचा काय वाईट हेतू?

त्या रविवारी सकाळी दहाला नवी मालिका लागली. पडद्यावर काळं आकाश, त्यातून यानं येऊ लागली, एक, दोन, मग पडदाभर. आणि भोंग्यातून लालसूचा ठोका पडला.

लालसू अंगणात दोर वळत होता. त्याचे हात जागीच राहिले. त्याला आधी वाटलं गोटुलात कोणी शिरलं. आवाज तर आपल्याच ढोलाचा, हात आपला, पण घागरीतून यावा तसा फुगलेला. ओसरीवर मोहफुलं पसरणाऱ्या धुरपतानं मान वर केली. "कोन गेलं गा लालसू?" तिनं विचारलं. मग लेक समोरच बसलेला पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं. "तू इथी, तर वाजवून कोन राह्यलं?"

अर्ध्या तासात बेहडाटोल्याची तीस माणसं आली. खांद्यावर लाकडं. कोणाच्या घरी म्हणून घरोघर विचारत सुटली. आणि त्यांच्या मागून नदी ओलांडून, गुडघ्यापर्यंत ओला, मुखरूमामा. काखेत नवं पांढरं लुगडं. दम लागलेला, डोळ्यांतून धारा. मोहटोल्यातून निघतानाच त्यानं धरून घेतलं होतं की बहीणच गेली, दुसरं त्या वयाचं होतं कोण? अंगणात आला तर बहीण बसलीय फुलं निवडत.

मुखरू मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. धुरपता उठली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्या काखेतल्या लुगड्याला हात घातला. "आनलंच हाय तं दे, नेसून घेतो जित्तीच!"

"सोड! सोड वो बाई!" मुखरूनं लुगडं हिसकून घेतलं. मग दोघं हसायला लागली. लालसूला मात्र हसू आलं नाही. तो घराच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याला लाज वाटत होती आणि त्या लाजेच्या खाली भीती होती.

देवाचं आणि दंडाचं पाहणारा गावाचा गायता, झिंगू म्हातारा, फार कमी बोलायचा. लालसूनं त्याच्यापुढं सगळं कबूल केलं: गाद्या, विहीर, बुधरी. झिंगूनं ऐकून घेतलं. लालसूला वाटलं दंड सांगेल, कोंबडं सांगेल, बोकड सांगेल, काही तरी देऊन मोकळं होता येईल. झिंगू म्हणाला, "याले काय सांगू? असं तं आपल्या ठोक्याचं कधी झालंच नाई. तूच पाह्य आता." असं मोकाट सोडून दिलेलं माणसाला फार जड जातं.

लालसू आलापल्लीला जाऊन फोनच्या टपरीवर उभा राहिला. श्रीरंगनं दिलेला नंबर लावला. तिसऱ्या खेपेला तो सापडला. "लालसूभाऊ!" तो तिकडून ओरडलाच. "अहो, सगळे तुमचंच विचारताहेत! हे असलं ताइको कुठून आणलं म्हणतात!"

"जी, ते काढून टाका."

"काय?"

"माहा ठोका. काढून टाका जी. इथी लोक लाकडं घिऊन येऊन राह्यले."

लालसूनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण मरणाची गोष्ट तोंडानं सांगायची सवयच नाही, शब्द कुठून आणणार? श्रीरंग ऐकत गेला आणि त्याचा आवाज उतरत गेला. "मला माहीत असतं तर मी घेतलाच नसता," तो म्हणाला, आणि ते खरं असावं. "पण आता माझ्या हातात काही नाही हो. पुढचे सगळे भाग तयार झालेत. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांवर पण तोच वाजतो. मी विचारून बघतो." त्यानं विचारलंही असेल. पुढच्या रविवारी ठोका वाजलाच.

प्रफुलकडे लालसू गेला. प्रफुलनं कानाला हात लावला आणि दोन रविवार भोंगा चढवला नाही. तिसऱ्या रविवारी मोहटोल्याचे लोकच येऊन त्याच्याशी भांडले, आणि भोंगा पुन्हा चढला. त्यांच्याकडेही एक टीव्ही आला होता, पण वीज एक दिवस असायची, दोन दिवस नसायची. नसली की ते नदीकाठी बसून भोंग्यावरच लढाई ऐकायचे. एव्हाना मालिकेला कोणी मालिकेच्या नावानं ओळखतच नव्हतं. लालसूचा शिरेल म्हणायचे. वाटेत भेटणारा म्हणायचा, "काय लालसू, या आयतवारी किती मारले आभाळातले?" लालसू हसायचा बिचारा.

चैत्रात मुरमाटोल्यातलाच चैतू गेला. बुधवार होता. लालसूनं ढोल काढला, मोठा ठोका वाजवला. लोक आले, नाही असं नाही. पण नंतर त्याला कळलं की कान टवकारल्यावर जो तो आधी शेजाऱ्याला विचारत होता, "आज वार कोनता हाय?" बुधवार म्हटल्यावर मग हातातलं काम खाली ठेवलं. ते ऐकून लालसूला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आज्यानं, बापानं वाजवला तेव्हा वार कोणी विचारला नव्हता.

त्यानं मायला सांगितलं. तिला आताशा बारीक ताप असायचा, खोकल्यानं अंग हलायचं. ती म्हणाली, "आयतवारी नाई मरत मी, जाय! सहा वार हायेत ना." लालसू म्हणाला, असं बोलू नको माय. पण आतून त्याला तेवढाच धीर आला. इतका गरीब धीर.

वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम होता. सगळे पहाटे जाऊन पानं तोडून आणायचे आणि दहाच्या सुमारास पुडे बांधत प्रफुलच्या दुकानापुढं बसायचे. धुरपतानं आठ दिवस अन्न सोडलं होतं. घरी सून बाळंत झालेली, त्यामुळं मुखरूचंही इतक्यात इकडं येणं झालं नव्हतं. आलापल्लीच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, त्या ती चिमणीच्या दाण्यासारख्या लेकाच्या हातून घ्यायची आणि हळूच थुंकून टाकायची. रविवारी सकाळी तिनं पाणी मागितलं, घोट घेतला. बाहेर भोंग्यावर ठोका पडायला लागला होता. ती म्हणाली, "थांबव," आणि तिची मान कलली.

लालसू पळत प्रफुलच्या दुकानात शिरला. त्याचं तोंड पाहूनच प्रफुलनं वायर उपटली. ठोका मधेच तुटला. दुकानापुढचे सगळे उभे राहिले. दोघांनी गोटुलातून ढोल आणला, अंगणात मांडला. लालसूनं टिपऱ्या उचलल्या, आणि जो ठोका आत्ता भोंग्यात तुटला होता तोच पुन्हा सुरू केला. दुसरा वाजवणार कोणता? मरणाचा ठोका एकच असतो.

वाजवताना त्याला सगळं कळत होतं. पलीकडे मामा पुडे बांधत बसला असेल, आणि म्हणत असेल, आली लालसूची यानं. अकरा वाजले. मालिका संपली असणार. आता कळेल, लालसू मनात म्हणाला. आता तरी कळेल. साडेअकरा झाले. त्यानं जोर वाढवला, थांबणं लांबवलं. बारा वाजता बेहडाटोल्याचा एक गुराखी वाटेनं जाताना अंगणातली गर्दी पाहून आत आला आणि तसाच मागं धावला. त्याला तसा धावत आलेला पाहून, न विचारताच बेहडाटोल्याचे लोक आले. बाहेरगावचा पाय लागला, नियमानं लालसू थांबू शकत होता. तो थांबला नाही. नदीकडे तोंड करून वाजवतच राहिला. नदीच्या वाळूत एक माणूस दिसेना.

दोन वाजता त्यानं टिपऱ्या टाकल्या. "मी जातो मोहटोल्याले," तो म्हणाला.

बुधरी पदर सावरून उठली. "तुमी नका. मी जातो."

झिंगू भिंतीला टेकून बसला होता. त्यानं डोळे उघडले. "मुखरूची सून बाळंत होऊन आठच दिवस झाले," तो म्हणाला. "त्या दारात तोंडानं हे नेता का? मी नाई म्हनून नाई राह्यलो. जा, नेता येत असन तं."

लालसू उभाच राहिला. जायला पाय होते, वाट होती, नदीत घोट्याएवढं पाणी होतं. पाऊण कोस. आठ दिवसांचं लेकरू डोळ्यांपुढं आलं आणि तो तसाच खाली बसला. बुधरीही बसली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वैशाखाचं ऊन, म्हातारीला आणखी ठेवणं शक्य नव्हतं. दिवस कलल्यावर बुधरीनं आपल्या पेटीतलं लुगडं काढून सासूच्या अंगावर घातलं. पण सुनेचं लुगडं ते सुनेचं. लालसू मायच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "वाजवलं वो माय, लगित वाजवलं." आणि तिला उचलली.

सोमवारी सकाळी मुखरूमामा आला. हातात पानात बांधलेली सुकी मासोळी. खूश होता म्हातारा. लांबूनच बोलत आला. "अबे भाच्या, काल तं कहरच केला रे तुह्या शिरेलनं! आमच्याकडं लाइट नव्हती. आमी सारे नदीच्या काठी बसलो ऐकत. मधी एकदा बंद पडला, मी म्हनलं गेला भोंगा. मंग जो सुरू झाला तो दोन वाजेपर्यंत! दोन-तीन भाग एकदमच लावले काय? पन एक सांगतो, काल वाजवलं ना, तसं तं तू कधीच नाई वाजवलं. मले रडू आलं, खरंच सांगतो. सुनेले म्हनलं, पाह्य, माह्या भाच्याचा हात हाय."

लालसू ओसरीवर बसला होता. तो उठला नाही. बुधरी चुलीजवळून बाहेर आली आणि मामाला पाहून तिथंच दारात थबकली. मरण तोंडानं कसं सांगतात, हे लालसूच्या घरात कोणी कधी शिकलं नव्हतं.

"नातवाचं नाव ठेवाचं हाय येत्या बुधवारी. म्हनलं बाईले आपनच सांगून यावं, नाईतर रुसते," मुखरू म्हणाला. त्यानं मासोळीचं पान बुधरीच्या हातात दिलं, ओसरीला टेकून आत वाकला आणि कान देऊन हाक मारली, "बाई! अवो बाई! झोपली काय?"